बोट मागाहून, आधी धक्का

युरोपातल्या नद्यांवर चालतात तशा क्रूझ कोकणातल्या खाड्यांत सुरू करा, ही मागणी रत्नागिरीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी तपासूनही पाहत नाही. पर्यटनावरचा परिसंवाद असो, हॉटेलवाल्यांची बैठक असो, नाहीतर डॅन्यूबवर आठवडाभर फिरून आलेल्या निवृत्त दांपत्याकडचा चहा असो, मांडणी तीच. तिकडे पांढरीशुभ्र लांबलचक बोट असते, रात्रीचे जेवण चार-पाच टप्प्यांत येते, टेबलावर वाईन असते आणि सकाळी पडदा सारावा तो खिडकीबाहेर नवे गाव. आपल्याकडे जयगडची खाडी आहे, दाभोळची आहे, बाणकोटची आहे, निसर्ग तर काकणभर सरसच. मग अडले कुठे? सरकारच्या इच्छाशक्तीत, असा शेवट ठरलेला. टाळ्याही ठरलेल्या.

मला यातले जवळजवळ काहीच पटत नाही. ही मंडळी युरोपात जाऊन बोट पाहून आली आणि काठ पाहायचा विसरली. त्या सहलीत खाण्यासारखे, पिण्यासारखे आणि हिंडण्यासारखे जे काही आहे ते काठावरचे आहे. बोट तिथवर पोचवते, एवढेच तिचे काम. आपण मात्र बोट मागतो आहोत, आणि ती आली तर प्रवाशांना उतरवायचे कुठे, हे कोणी विचारत नाही.

आधी बोटीचाच मोह उतरवू. ऱ्हाइन-डॅन्यूबवरच्या मोठ्या क्रूझ सुमारे १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरांच्या आत रुंद असतात. ती लांबट आकृती कोणा कलावंताने काढलेली नाही. तिथल्या जलद्वारांची रुंदी १२ मीटर, त्यात घुसेल एवढीच बोट बांधायची. माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणारा १७१ किलोमीटरांचा कालवा १९९२ मध्ये पुरा झाला. त्यावर १६ जलद्वारे आहेत आणि बोटी पायरी-पायरीने समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढून पलीकडे उतरतात. एवढी शतकांची खटपट करूनही ती माणसे नदीपुढे अधूनमधून हात टेकतात. मधल्या ऱ्हाइनला बांध नाहीत. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या हंगामांत काउब या गावापाशी पाणी इतके खाली गेले की बोटी पुढे जाईनात. अशा वेळी 'नदीसहलीच्या' प्रवाशांना बसमध्ये बसवून पुढच्या गावी नेतात. पूर आला तरी तेच, कारण मग बोट पुलाखालून जात नाही. म्हणून तिकडे जाणाऱ्याने तिकीट काढतानाच विचारून घ्यावे, की पाणी दगा देईल तेव्हा कंपनी काय करते. हा प्रश्न खोली खिडकीची की बाल्कनीची यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. बाल्कनीचे तर विचारूच नका. गर्दीच्या गावात बोटीला बोट लावून तीन-तीन, चार-चार उभ्या करतात. बाल्कनीचे जादा पैसे भरलेल्या माणसाला रात्रभर शेजारच्या बोटीतल्या अनोळखी गृहस्थाचा पडदा दिसतो, आणि किनाऱ्यावर उतरायचे तर दुसऱ्याच्या बोटीतून चालत जावे लागते.

आता आपल्या खाड्या. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्यात दाभोळ खाडी-वाशिष्ठीचा ४५ किलोमीटरांचा पट्टा २८ व्या क्रमांकावर आणि जयगड खाडी-शास्त्रीचा ५२ किलोमीटरांचा ९१ व्या क्रमांकावर आहे. परिसंवादात हे आकडे हमखास फेकले जातात, जणू क्रमांक मिळाला की पाणी खोल होते. खाडी ही ऱ्हाइन नाही. इथे दिवसातून दोनदा समुद्र आत येतो आणि दोनदा मागे सरतो. उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढते-उतरते, भांगाला तेवढे नाही. सकाळी दहाला ज्या पायरीवरून होडीत पाय ठेवला ती दुपारी चारला चिखलात उघडी पडलेली असते. मुखाशी वाळूचा दांडा, आत गाळ. एके काळी गलबते थेट संगमेश्वरापर्यंत जात. गाळ भरत गेला तशी ती वाट आखडत आली. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांतून सुटलेले पाणी मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते, पण चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर नदीतल्या गाळाबद्दल कोणी वेगळे सांगायला नको. १३५ मीटरांची बोट तिथे वळणारसुद्धा नाही.

यावर उत्तर येते की मग छोटी आलिशान बोट आणा. आणा की. पण आलिशान शब्द आला की तिचा खर्च वसूल कसा होणार, हेही सांगा. तो वसूल होतो बोटीवरच्या जेवणातून आणि बारमधून. इथेच या मागणीचे खरे दुखणे आहे.

युरोपातल्या क्रूझवर तिन्ही वेळचे जेवण तिकिटात असते. सकाळी बुफे, दुपारी बुफे किंवा मागवून, रात्री टेबलावर वाढलेले. पुष्कळ कंपन्या दुपारी आणि रात्री जेवणासोबत वाईन आणि बिअरही तिकिटातच देतात. प्रवाशाला वाटते, पैसे भरलेत, मग बाहेर कशाला खायचे? परिणाम असा की डॅन्यूबकाठच्या ड्युर्नश्टाइनसारख्या हजाराच्या आत वस्तीच्या गावात बोटीमागून बोट रिकामी होते, माणसे गल्ल्या भरून चालतात, इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या सुमारास जिथे कैदेत होता त्या पडक्या गढीचे फोटो काढतात, आणि जेवायला परत बोटीवर. गावाच्या वाट्याला गर्दी येते, गल्ला बोटीवर राहतो. ॲम्स्टरडॅमने तर २०२८ पर्यंत नदी-क्रूझच्या फेऱ्या निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. ज्याला तिकडची गावे नाके मुरडू लागली आहेत ते आपण पायघड्या घालून बोलावायचे म्हणतो.

म्हणून तिकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला माझा पहिला सल्ला: दुपारचे जेवण निदान एक दिवसाआड काठावर घ्या. भरलेले पैसे बुडाले असे मानायचे नाही. रात्रीचे बोटीवरचे जेवण बहुधा चांगले असते, पण ते सगळ्यांना चालेल असे, म्हणजे कोणाच्याच गावचे नसलेले. शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच लेखी कळवावे, आणि 'शाकाहारी' म्हणजे मासा नाही, कोंबडीचे पाणी घातलेले सूपही नाही, हे फोड करून सांगावे. चिवडा आणि मेतकूट नेण्याबद्दल मला कोणाची टिंगल करायची नाही. पण सात दिवस खोलीत बसून मेतकूट खाणार असाल तर गुहागरच स्वस्त पडेल.

वाईनबद्दल तर आपल्याकडे दोनच पंथ आहेत. एक, जो नाव काढले की कानावर हात ठेवतो. दुसरा, जो फुकट मिळते म्हणून सकाळी अकरापासून हिशेब लावतो. दोघांनाही वाखाउ कळत नाही. मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा तुकडा द्राक्षांच्या दगडी बांधांचा आहे. तिथली पांढरी वाईन तीन प्रतींत येते: हलकी स्टाइनफेडर, मधली फेडरश्पील आणि भारदस्त स्मारागड. तिकिटात मिळते ती वाईन कोणत्या काठची, हे वाढणाऱ्याला विचारायला लाजू नये. काठ बदलला की पेला बदलावा. ऱ्हाइनवर रीस्लिंग, वाखाउत ग्र्यूनर वेल्टलिनर, पोर्तुगालच्या दोरू नदीवर पोर्ट. जेवणासोबतची वाईन तिकिटात असेल तर वेगळे 'ड्रिंक्स पॅकेज' बहुतेक मराठी जोडप्यांना तोट्यात जाते, कारण आपण तेवढे पीतच नाही. आणि शक्य असेल तर एक संध्याकाळ बोट सोडून ऑस्ट्रियातल्या होयरिगरमध्ये बसावे. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये फर्मान काढून शेतकऱ्याला स्वतःच्या मळ्यातली वाईन स्वतःच्या अंगणात विकायची मोकळीक दिली. तेव्हापासून दारावर फांदी टांगलेली दिसली की आत जाऊन बाकड्यावर बसायचे, असा रिवाज. सोबत पाव, चीज, थंड मांस. या व्यवहारात बोटीचा कुठेच संबंध नाही.

रत्नागिरीच्या खाडीत वाईन आणा म्हणणाऱ्यांना मी हा १७८४ चा कायदा दाखवू इच्छितो. नाशिकची वाईन चांगली आहे. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष-वाईन धोरणाने त्या धंद्याला हात दिला, हेही खरे. बर्फात ठेवलेली नाशिकची शेनँ ब्लाँ तळलेल्या बोयीबरोबर छान लागते. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही, आणि लाल वाईन माशाबरोबर तोंडात लोखंड चाटल्यासारखी लागते. पण नाशिक आपला काठ नाही, घाटापलीकडचा आहे. आपल्या काठाचे पेय माडावर आहे. माडी सकाळी उतरवली की दुपारपर्यंत चढू लागते, संध्याकाळी आंबते. ती बाटलीत भरून बोटीवर ठेवता येत नाही, तिच्याकडेच जावे लागते. होयरिगरला याहून जवळचे काही आपल्याकडे नाही. आणि आपण काय केले? १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या परवान्यांत ती अशी गुंडाळली की माडाखाली बसून पेला प्यायची गोष्ट प्रतिष्ठित पाहुण्याला सुचवायचीही चोरी. काजूच्या बोंडाची तीच कथा. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटले. तेरेखोलच्या अलीकडे झाडे तीच, मार्च-एप्रिलचे ऊन तेच, पण आपण बी काढून घेतो आणि बोंडांचे सडे झाडाखाली कुजू देतो. आमच्या परिसंवादात या बोंडांचे नाव निघत नाही. फ्रेंच वाईनच्या पेल्याचे चित्र मात्र पडद्यावर असते. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी कोकमाचे सरबत आहेच, आणि तेही कार्टनमधले नको, आमसुलांच्या पाण्याचे.

खाण्याचे तर बोलायलाच नको. ओल्या काजूची उसळ फेब्रुवारीपासून फार तर एप्रिलपर्यंत. कालवे ओहोटीला खडकावरून काढायची, तिसऱ्या चिखलातून. घावणे तव्यावरून थेट पानात हवे, दहा मिनिटांनी ते चामडे होते. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, हळदीच्या पानातले पातोळे, हे सगळे वेळेला आणि जागेला बांधलेले अन्न. ते वातानुकूलित बोटीच्या दोन बर्नरवर शिजणार नाही. तिथे शिजेल ते आपण जाणतो: पनीर बटर मसाला, जिरा राइस आणि 'कोकणी स्पेशल' म्हणून गुलाबी पाण्यातली सोलकढी. बाणकोटच्या खाडीपासून जवळच्या वेळासला काय घडले ते पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सवाला माणसे येऊ लागली, तर ती गावातल्याच घरांत राहतात, गावातल्या बाईच्या हातचे जेवतात. आलिशान काहीच नाही. पैसा मात्र गावात उतरतो. या जिल्ह्यात पर्यटनाचा धडा हवा असेल तर तो वेळासला शिकावा, व्हिएन्नाला जायची गरज नाही.

कोणी म्हणेल, क्रूझ आली तर रोजगार येईल. कोणाला? युरोपातल्या बोटींवर वाढपी, खोल्या झाडणारे, स्वयंपाकी मोठ्या प्रमाणात पूर्व युरोपातले आणि फिलिपिन्सचे असतात. नदीकाठच्या गावकऱ्याला बोटीवर काम मिळते असे समजू नका. आपल्या समोरचेच उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. नाव कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे, शंभरावर खोल्या. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी गोवा. आपला जिल्हा त्या प्रवाशांच्या झोपेत मागे पडे. ती सेवा टिकली नाही, पण टिकली असती तरी दाभोळच्या खानावळीत एक ताट जास्त वाढले गेले नसते.

आणखी एक भीती सांगतो. आपण मागतो ऱ्हाइन आणि पदरात पडते मांडवी. (आपली रत्नागिरीची मांडवी नव्हे, पणजीची.) तिथल्या नदीत तरंगते कॅसिनो उभे राहून वीस वर्षांवर झाली. संध्याकाळच्या क्रूझवर कर्णे लावून नाच. काठावरचे लोक आंदोलने करून थकले. नदीत मोठी बोट, बोटीवर बार आणि ती चालवणारी बाहेरची कंपनी एवढे जमले की गाडी त्याच उतारावर लागते. वाखाउचे दगडी बांध कंपनीच्या करारात लिहून मिळत नाहीत.

बरे, डेकवर पेला घेऊन बसायचे तर खाडीकडे पाहावे लागेल ना? लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचे पाणी दाभोळ खाडीत उतरते, मासे मरून वर येतात, ही तक्रार खाडीकाठचे मच्छीमार कित्येक वर्षे करत आहेत. क्रूझवाल्यांच्या सादरीकरणात खाडी निळीशार असते. त्या पाण्यातून जाळे ओढणारा माणूस बैठकीला बोलावलेलाच नसतो.

आता हिंडण्याकडे येऊ, कारण इथे आपण खरोखर श्रीमंत आहोत आणि इथेच सगळे अडले आहे. दाभोळ खाडीच्या एका फेरीत काय काय होऊ शकते पाहा. मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड. समोर दाभोळ, जिथून पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या जहाजात बसला, आणि जिथली सतराव्या शतकातली शाही मशीद आजही पाण्याकडे तोंड करून उभी आहे. आत शिरलो की उन्हवरे, गरम पाण्याची कुंडे. कोटजाईच्या काठाने वर पन्हाळेकाजीची २९ लेणी, बौद्धांपासून नाथपंथापर्यंतचा प्रवास एकाच दरीत. पुढे मगरी पाहत गोवळकोट, तिथून परशुराम. शास्त्रीवर जयगड, वर कसबा-संगमेश्वर, जिथे १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, आणि तिथलेच कर्णेश्वराचे मंदिर. ऱ्हाइनच्या कोणत्याही दिवसापुढे हे कमी नाही. युरोपातला वाटाड्या प्रवाशांच्या कानात यंत्र घालून गाव दोन तासांत दाखवतो. पन्हाळेकाजीला तेवढ्यात पोचणेही होत नाही.

अडते ते पाय ठेवायला. ओहोटीला उतरता येईल असा धक्का किती ठिकाणी आहे? गुडघे दुखणाऱ्या बाईने होडीतून शेवाळलेल्या पायरीवर पाऊल कसे टाकावे? वर आल्यावर शौचालय कुठे आहे? आमच्या आजोबांच्या पिढीला हे ठाऊक होते. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट बंदराबाहेर नांगर टाकी, आणि ट्रंका, पोरे, म्हातारी माणसे हिंदकळत्या पडावांत उतरवली जात. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींच्या आठवणी अजून निघतात, आणि त्या आठवणींत निम्मी गोष्ट पडावात उडी मारण्याची असते. बोटी गेल्या, कोकण रेल्वे आली, तशी धक्क्यांची आठवण कोणाला राहिली नाही. उलट जिथे धक्का झाला तिथे काय होते तेही आपण पाहतो. दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून माणसे आणि गाड्या घेऊन ये-जा करते. तिच्यात वाईन नाही, गालिचा नाही. उतरता सिमेंटचा धक्का आहे, वेळापत्रक आहे आणि चालवणारे इथलेच आहेत. पुण्याची गाडी दाभोळहून गुहागरला गेली की दोन्ही काठांच्या टपऱ्या चालतात. ही आपली खरी नदी-क्रूझ, फक्त तिला कोणी तसे म्हणत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत बोटीचे चित्र दाखवण्याआधी चार गोष्टींची मागणी करा. भरतीबरोबर वर चढणारे आणि ओहोटीबरोबर खाली येणारे तरंगते धक्के, निदान दाभोळ, उन्हवरे आणि गोवळकोटला. वर्षभराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहून आखलेल्या फेऱ्या, म्हणजे प्रवाशाला कळेल की मंगळवारी सहल सात वाजता का आहे आणि शनिवारी अकराला का. लोट्याच्या सांडपाण्याची तपासणी, आणि तिचे निकाल धक्क्यावर लावलेले. चौथी मागणी बोटवाल्यांना झोंबेल: वीस-पंचवीस माणसांची बोट, स्थानिक तांडेल, आणि परवान्यातच अट की बोटीवर स्वयंपाकघर नाही आणि बारही नाही. दुपारचे जेवण काठावरच्या घरात, संध्याकाळचे पेय काठावरच्या माडाखाली, कायदा बदलून का होईना. बोटीवर फक्त पाणी, चहा आणि आंबोळी. पावसाळ्याचे चार महिने सगळेच बंद. गुंतवणूकदार म्हणतील की मग आमचा नफा कशात? नेमके तेच. तो नफा उन्हवऱ्याच्या आणि वेळासच्या चुलीपाशी जायला हवा आहे, आणि ज्याला ते परवडत नसेल त्याने पणजीला बोट नांगरावी.